काळी एक, पांढरी चार: संगीताचं सॉफ्टवेअर दृष्टिहीनांशी बोलतं कसं?

भजनाला बसल्यावर गायक पेटीवाल्याला विचारतो, "कितीत घ्यायचं?" उत्तर येतं, "काळी एक." किंवा "पांढरी चार." गाणाऱ्या बाईंचा आवाज चढा असेल तर "काळी पाच." एवढ्या दोन शब्दांत स्वराचा नेमका पत्ता मिळतो. तो कळायला पेटीकडे पाहावं लागत नाही. काळ्या पट्ट्यांचे दोन आणि तीनचे गट बोटांना लागतात आणि हात आपोआप जागेवर जातो. गावोगावच्या भजनी मंडळांत दृष्टिहीन पेटीवादक आणि गायक सहज सामावले जातात, त्यामागे हेही एक कारण आहे. आपली पेटी शब्दांत सांगता येते.

आता हाच वादक कॉम्प्युटरसमोर बसवून पाहू. समजा, चिखली किंवा मेहकरमधल्या एका दृष्टिहीन पेटीवाल्याला शेगावच्या वारीसाठी स्वतः बांधलेलं भजन रेकॉर्ड करायचंय. लॅपटॉप आहे, माइक आहे, पेटी तर आहेच. काम तसं साधं: आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीचा खोकला कापायचा, पेटी थोडी खाली घ्यायची, टाळ थोडे वर काढायचे. पण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर स्टुडिओचं चित्र येतं. गोल नॉब, उभे फेडर, हिरवे-तांबडे दिवे, आवाजाच्या लाटा. सगळं डोळ्यांसाठी आणि माउससाठी. ज्या माणसाचा कान गावात सर्वांत तयार, त्यालाच शेजारी एक डोळस मदतनीस बसवावा लागतो किंवा मोठ्या गावातल्या स्टुडिओत पैसे मोजावे लागतात. आपल्याच गाण्यात टाळ किती हवेत, हे मग दुसरा ठरवतो.

या अडचणीवर एक जुनं, साधं आणि पुष्कळांना मागासलेलं वाटणारं उत्तर आहे: चित्र बाजूला ठेवा, मजकूर आणा.

अडतं नेमकं कुठे?

दृष्टिहीन व्यक्ती कॉम्प्युटर किंवा मोबाइल वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीनं. पडद्यावर काय आहे ते हा प्रोग्राम बोलून दाखवतो. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज, ॲपलच्या यंत्रांवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक ही त्यातली नेहमीची नावं. एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणानं २००६ साली ते सुरू केलं आणि जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन.

स्क्रीन रीडर पडद्याचं चित्र "पाहतो" असा एक सार्वत्रिक समज आहे. तसं नसतं. प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपल्या बटणांची एक यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडे द्यायची असते. यात प्रत्येक वस्तूचं नाव, प्रकार आणि आत्ताची स्थिती असते, उदाहरणार्थ "आवाज, स्लायडर, ७० टक्के". स्क्रीन रीडर वाचतो ती ही यादी. नेहमीची बटणं वापरणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी बहुतांशी आपोआप तयार होते. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र बटणं नेहमीची नसतात. खऱ्या स्टुडिओतल्या महागड्या यंत्रांसारखं दिसावं म्हणून नॉबची हुबेहूब चित्रं काढलेली असतात आणि यादी कोरीच राहते. स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं तिथे एक मोठा रिकामा चौकोन असतो. मोबाइलवरच्या तानपुरा-तबल्याच्या ॲपमध्येही हा अनुभव येतो. बोट फिरवावं तसं टॉकबॅक म्हणत राहतो, "बटण, बटण, बटण." कसलं बटण, ते त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

हे नेहमीच असं नव्हतं. डॉसच्या काळात कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे अक्षरांच्या ओळी. त्या वाचून दाखवणं स्क्रीन रीडरला अवघड नव्हतं. १९९० च्या दशकात विंडोज आलं, चित्रं आली, माउस आला. डोळस माणसाला कॉम्प्युटर सोपा झाला, तर दृष्टिहीनांच्या हाताशी आलेलं यंत्र पुन्हा दूर गेलं.

पुण्याच्या मुलाची कल्पना

या टप्प्यावर एका मराठी शहराचा संबंध येतो. टी. व्ही. रमण पुण्यात वाढले. लहानपणी त्यांना थोडं दिसत होतं, तेवढ्यात ते मराठी आणि इंग्रजी लिहाय-वाचायला शिकले. काचबिंदूनं १४ व्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पुढचं शिक्षण घरच्यांनी आणि शिक्षकांनी पुस्तकं वाचून दाखवण्यावर झालं. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून त्यांनी गणितात पदवी घेतली आणि मग आयआयटी मुंबईत गणित व संगणकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी गणितातले वक्र ऐकवणारा प्रोग्राम लिहिला. आलेखाची रेषा वर चढली की स्वर चढायचा, उतरली की उतरायचा. आलेखाची जणू मींडच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी जो प्रबंध दिला, त्याचा विषय होता गणिताची सूत्रं बोलून दाखवणारी यंत्रणा. तिचं नाव ॲस्टर, आणि त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही तेच. सूत्र छापलं की त्याचं चित्र होतं: काही अंक वर चढलेले, काही खाली, मध्ये रेघ. रमण यांनी छापील पानाला हातच लावला नाही. गणितज्ञ लाटेक नावाच्या पद्धतीनं सूत्रं टाइप करतात तेव्हा मुळात साधा मजकूरच असतो आणि वर काय, खाली काय हे त्यात शब्दांनी लिहिलेलं असतं. ॲस्टर तो मूळ मजकूर घ्यायचा आणि घातांक आला की बोलण्याचा आवाज उंच करायचा. आधी चित्र करून मग त्याचं वर्णन करण्यापेक्षा चित्र होण्याआधीचा मजकूर गाठावा, ही या विषयातली सर्वांत कामाची कल्पना आहे.

१९९५ मध्ये त्यांनी इमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. इमॅक्स हा १९७० च्या दशकापासून चालत आलेला मजकूर-संपादक. त्यात पत्रं लिहिता येतात, फाइली हाताळता येतात, प्रोग्राम चालवता येतात, गाणीही वाजवता येतात, आणि हे सगळं कीबोर्डनं होतं. इमॅकस्पीक त्याला वाचा देतं. फरक समजायला दिनदर्शिकेचं उदाहरण घ्या. साधा स्क्रीन रीडर महिन्याचं पान वाचताना "एक, दोन, तीन, चार" म्हणत सुटतो. इमॅकस्पीकला तारखेवर नेलं की ते वार, महिना, वर्ष सगळं सांगतं, कारण ते पडद्यावरचा आकडा वाचत नाही, दिनदर्शिकेलाच विचारतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात इमॅकस्पीकला जागा मिळाली. रमण २००५ पासून गुगलमध्ये काम करू लागले.

भातखंड्यांची रेघ आणि हरवलेला विभास

संगीत मजकुरात मांडायची कल्पना आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१) या दोघा मराठी माणसांनी हिंदुस्थानी संगीतासाठी आपापल्या स्वरलेखन पद्धती घडवल्या. लहानपणी कुरुंदवाडला फटाक्याच्या अपघातात पलुस्करांची दृष्टी अधू झाली आणि शाळेचा रस्ता बंद झाल्यावर ते गाण्याकडे वळले, हे इथे मुद्दाम आठवावं असं.

पाश्चात्त्य नोटेशन हे पाच रेघांवरच्या टिंबांचं चित्र, तर भातखंड्यांचं लेखन म्हणजे अक्षरं. सा, रे, ग, म. वरवर पाहता स्क्रीन रीडरला यासारखी सोपी गोष्ट नसावी. पण गोम छोट्या खुणांत आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब, आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणारा माणूस कोमल स्वर "अंडरलाइन" करून मोकळा होतो. अंडरलाइन ही सजावट, अक्षर नव्हे. स्क्रीन रीडर ती मुद्दाम सांगायला लावल्याशिवाय सांगत नाही, आणि मजकूर साध्या फाइलमध्ये चिकटवला की ती गळूनच जाते.

त्याचा परिणाम पाहा. भैरव थाटाच्या विभासाचे स्वर सा, कोमल रे, ग, प, कोमल ध. त्यातल्या दोन रेघा गळाल्या की उरतं सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूप! सकाळचा राग शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या कानात संध्याकाळचा राग पडतो. आणि चूक त्याच्या लक्षात येण्याची सोयही नाही, कारण भूप काही बेसूर वाटत नाही.

दुसरा घोळ जुन्या मराठी फाँटचा. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना अभंग दिसतो, स्क्रीन रीडर मात्र अगम्य बाराखडी वाचतो. आपल्याकडच्या मंडळांच्या भजनांच्या वह्या, स्मरणिका, छापखान्यातल्या फाइली अशा अवस्थेत अजून पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं काम असलं, तरी कुठल्याही नव्या ॲपपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

रेघेवरचा तोडगा कॉम्प्युटरवर आधीच वापरात आहे. रोमन लिपीत स्वर लिहिताना मोठं अक्षर म्हणजे शुद्ध आणि लहान अक्षर म्हणजे कोमल. फक्त मध्यमाचा हिशेब उलटा: लहान अक्षर शुद्ध, मोठं तीव्र. यात सजावट नाही, फरक अक्षरातच आहे, आणि मोठं अक्षर आलं की स्क्रीन रीडरला आवाज उंच करायला सांगता येतं. देवनागरीतही "रेको" किंवा "मती" असं जोडून लिहिलं तर काही बिघडत नाही. ते दिसायला सुबक नसतं, एवढंच. वरच्या परीक्षांत बंदिशीचं स्वरलेखन लिहावं लागतं आणि तिथे दृष्टिहीन विद्यार्थी लेखनिकावर अवलंबून असतो. आधीच्या सरावाच्या नोंदी तरी तो अशा पद्धतीनं स्वतः ठेवू शकतो आणि स्वतः तपासू शकतो.

ब्रेल तर आहेच. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा, आणि १८२९ साली त्यानं आपली पद्धत मांडली ती शब्दांसाठी आणि संगीतासाठी एकदमच. पण कॉम्प्युटरला जोडायचा ब्रेल डिस्प्ले, ज्यावर टिंबं वर-खाली होतात, अजून महाग आहे. तालुक्याच्या गावात तो क्वचितच असणार.

आदेश टाइप करून गाणं कापता येतं?

येतं, आणि हे पुष्कळ डोळस लोकांनाही माहीत नसतं. सॉक्स नावाचा एक जुना मोफत प्रोग्राम आहे. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. एका ओळीत मूळ फाइलचं नाव, नव्या फाइलचं नाव आणि काय करायचं ते टाइप करायचं. सुरुवातीचे ५ सेकंद काढायचे असतील तर "ट्रिम" आणि ५. पट्टी काळी दोनवरून पांढरी दोनवर, म्हणजे अर्ध्या स्वरानं खाली आणायची असेल तर "पिच" आणि उणे १००, कारण एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात. एंटर दाबलं की नवी फाइल तयार. मूळ फाइल जशीच्या तशी राहते, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही. काय आदेश दिला होता ते वर बाण दाबून पुन्हा ऐकता येतं. माउसनं हे काम करणारा माणूस लाटेवर अंदाजानं रेघ मारतो, इथे आकडा नेमका असतो.

एकापेक्षा जास्त ट्रॅक असतील, म्हणजे आवाज वेगळा, पेटी वेगळी, पखवाज वेगळा, तर लिनक्सवर इकासाउंड आणि त्यावर उभारलेला नामा हे दोन प्रोग्राम आहेत. वारकऱ्यांच्या कानाला हे नाव ओळखीचं वाटेल, पण तो निव्वळ योगायोग. नामामध्ये ट्रॅक जोडणं, रेकॉर्ड करणं, आवाज वर-खाली करणं या प्रत्येक कामाला छोटा शब्द आहे. सगळा संवाद मजकुरातून होतो, त्यामुळे स्क्रीन रीडरला चुकायला वावच राहत नाही. पाश्चात्त्य नोटेशन छापायचं असेल तर १९९६ पासून विकसित होत असलेलं लिलिपाँड आहे. त्यात अक्षरांत संगीत लिहिलं की ते पाच रेघांवरचं सुबक पान करून देतं. दृष्टिहीन संगीतकार डोळस वादकांसाठी पानं तयार करू शकतो, ही त्यातली खरी गंमत.

कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातली मिडी ही भाषा तर मुळात आकड्यांचीच. १९८३ पासून ती वापरात आहे. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, पांढरी चार ६५, काळी पाच ७०. पेटीवाल्याला हे तक्त्यासारखं पाठ करायला एक संध्याकाळ पुरे. त्याचा पत्ता शब्दांतला होता, आता अंकांतला झाला.

मग सगळ्यांनी काळ्या पडद्यावर आदेशच टाइप करायचे का? तसा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आज दृष्टिहीन रेकॉर्डिस्ट मोठ्या संख्येनं ज्या मार्गानं जातात तो मधला आहे. रीपर नावाचं स्टुडिओ सॉफ्टवेअर दिसायला इतरांसारखंच चित्रमय आहे, पण त्याच्या जवळपास प्रत्येक कामाला नाव आहे, त्या नावाला कीबोर्डची कळ जोडता येते, आणि त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते. एनव्हीडीएवाल्या जेम्स टेह यांनी त्यासाठी ओसारा नावाची मोफत जोड लिहिली आणि पुढे इतरांनीही तिच्यात भर घातली. ओसारा बसवलं की वर-खाली बाण दाबताच ट्रॅकचं नाव ऐकू येतं, कर्सर कितव्या मात्रेवर आहे ते कळतं. रेकॉर्डिंग करताना आवाज फाटतोय की नाही हे डोळस माणूस तांबडा दिवा पाहून ओळखतो. ओसारा ती पातळी आकड्यात सांगतं आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली तर लगेच बोलतं. चित्र तसंच राहिलं, त्याच्या मागे मजकुराची वाट तयार झाली. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं, नंतरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये आणि लॉजिकमध्येही व्हॉइसओव्हर नीट चालतं, पण त्यासाठी यंत्र ॲपलचं हवं. बुलढाण्याच्या कॉलेजातल्या मुलाच्या हातात सहसा स्वस्तातला अँड्रॉइड असतो.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असावं अशी तरतूद आहे, आणि सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या प्रकरणात बजावलं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर छापील पुस्तकाची दिव्यांगांना वापरता येईल अशी प्रत करायला मालकाची परवानगी लागत नाही. स्वरलिपीचं पुस्तक मजकुरात उतरवून देणाऱ्या शिक्षकाला किंवा ग्रंथालयाला त्यामुळे घाबरायचं कारण उरलेलं नाही. परदेशी कंपनीच्या संगीत सॉफ्टवेअरपर्यंत हा कायदा पोचायला मात्र वेळ लागेल. तोवर ओसारासारखी कामं स्वतः दृष्टिहीन प्रोग्रामर करत राहतात, बहुधा विनामोबदला.

जिथे मजकूर कमी पडतो

काही अडचणी मजकुरानंही सुटत नाहीत. पहिली म्हणजे कान एकच. गाणं ऐकायचं तोही कानानं आणि स्क्रीन रीडर ऐकायचा तोही कानानं. आलाप चालू असताना मध्येच "ट्रॅक दोन, उणे सहा" असं कुणी बोललं तर सूर निसटतो. म्हणून सरावलेले लोक बोलण्याचा वेग इतका वाढवतात की शेजारच्याला ते शब्दच वाटत नाहीत, किंवा गाणं स्पीकरवर आणि बोलणं एका कानातल्या इअरफोनवर अशी वाटणी करतात. रेकॉर्डिंग करताना स्क्रीन रीडरचा आवाज माइकमध्ये शिरणार नाही हेही पाहावं लागतं.

दुसरी अडचण संगीताची. मींड, गमक, आंदोलन अक्षरांत मावत नाही. दरबारीचा गंधार "कोमल ग" एवढंच लिहून मिळत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकांवरही हाच आक्षेप होता आणि तो बरोबर होता. पण रेकॉर्डिंग कापणं, जोडणं, पातळी ठरवणं या कामांना हा आक्षेप लागू होत नाही. तिथे मजकूर फक्त कात्री आणि फुटपट्टी आहे, गळा गायकाचाच.

तिसरी अडचण जिल्ह्याच्या दृष्टीनं सर्वांत मोठी, भाषेची. सॉक्स, नामा, रीपर, सगळ्यांचे आदेश इंग्रजीत, माहितीपत्रकं इंग्रजीत आणि शिकवणारे व्हिडिओही बहुतेक इंग्रजीत. ई-स्पीक हा एनव्हीडीएसोबत येणारा आवाज मराठी वाचतो. त्याचे उच्चार यांत्रिक आहेत, पण कळतात. तरी मराठी आवाज लावून इंग्रजी आदेश ऐकायचे आणि पुन्हा इंग्रजी आवाज लावून चूक तपासायची ही कसरत नवख्याला दमवते.

यावर एक छोटी युक्ती मजकुराच्या जगात चालते, चित्रांच्या जगात चालत नाही. आदेशाला टोपणनाव देता येतं. कुणा जाणकारानं एकदाच एक फाइल लिहून दिली की "ट्रिम" आणि त्यापुढच्या आकड्यांच्या जागी रोमन अक्षरांत "काप", पट्टी उतरवायला "उतर", आवाज वाढवायला "वाढव", रेकॉर्डिंग सुरू करायला "सुरू" एवढंच टाइप केलं की भागतं. फाइल काही ओळींची असते. ती पेन ड्राइव्हवरून एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर नेता येते, आणि मेहकरच्या पेटीवाल्याला "उतर" ऐवजी "खाली" हवं असेल तर तो स्वतः शब्द बदलू शकतो.